पिंपाचं झाकण

नवा नियम आला: घरात उघडं पाणी नको.
भुसावळात नळ दहाव्या दिवशी येतो, मॅडम,
ठेवू कुठं, पदरात?

झांबरेबाई हसल्या नाहीत.
टेपनं पिंप मोजलं,
कूलरची वायर उचलून पाहिली,
खिडकीचे गज हलवले.
मुलं किती?
सात.
पेन थांबलं. नोंदणी पाचांचीच होईल.

कुणाला काढू?
लोको शेडमधल्या सुरवाड्यांच्या जुळ्यांना?
की चिनूला, जिची आई
दिवसभर केळीच्या पेट्या भरून
सातला उतरते सावद्याच्या एसटीतून?

रात्री हे झाकणाला कडी ठोकत होते,
नियमाच्या नावानं पुटपुटत.
मी बॅटरी धरून आत वाकले.
पाणी माझ्या कमरेइतकं.
चिनूच्या डोक्यावरून चार बोटं.

दुसरी कडी आहे का, विचारलं.