रिपीट नसलेलं डिझाइन

अक्कलकोट रोडला, कल्याणींच्या सॉ-मिलमागं
टाकीखाली पडून होता आंब्याचा ओंडका,
तीन वर्षं.
नळाला पाणी चार दिवसांआड.
टाकी भरून वाहायची, कॉक बंद करायचं कुणीतरी विसरायचं,
तेवढंच प्यायचा तो.
मधल्या दिवसांत आमचं ऊन.

"जळणात घाला ओ, कुजलाय त्यो," कल्याणी म्हणाले.
मी नखानं दाबून पाहिलं.
एका जागी नख आत गेलं,
वितभर पलीकडं लाकूड अजून लाकूड होतं.
वजनावर घेतला. जळणाच्या भावानं.

करवतीनं तो पुस्तकासारखा उघडला
आणि आत काळ्या शाईची रेघ,
केसाएवढी,
कुठं वळसा घेऊन परत आलेली, कुठं मध्येच सोडून दिलेली.
दोन बुरश्या समोरासमोर येतात
तेव्हा मधे बांध घालतात म्हणे, भावकीतल्यासारखा.
त्या भांडणाचा हा नकाशा.

नायना खाटेवरून उठले.
चाळीस वर्षं ग्राफच्या कागदावर चौकटी रंगवून
जकार्डचे पत्ते पाडलेला माणूस.
साखर पेठेतल्या किती चादरींवरचे मोर
त्यांच्या बोटांतून गेले, मोजदाद नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, चालवत नेलं,
थांबले, मागं आले.
"रिपीट कुठंय रे?"
नाही, म्हटलं.
"मग किती पत्ते लागले असते?"
आणि मनातल्या मनात
खरंच हिशोब करायला लागले.

मी तोंडाला फडकं बांधलं, घासायला बसलो.
हा भुसा छातीत गेला तर वाईट.
नायना खोकत होते. त्यांच्या छातीत
आधीच बसलंय गिरणीतलं तूस.
"दार लावून घ्या," मी म्हटलं.
"आता कशाला," म्हणाले.

मऊ जागांना पातळ गोंद पाजला, थेंब थेंब.
पिऊन घेतला, पुन्हा मागितला.
एक बाटली, दुसरी बाटली.
मग दोन्ही फळ्या आरशासारख्या जोडल्या, शिवणीच्या अंगावर बसवल्या.
नायना म्हणाले, "आलं बघ, एकदाच का होईना, रिपीट."
आणि लगेच, "इथं एक तार चुकलीय."
खरंच चुकली होती.
करवतीनं तेवढं खाल्लं होतं.

रूबेन साळवे गिटार न्यायला आला.
उजेडात धरून फिरवत राहिला,
मग विचारलं, "याचा आवाज कसा?"
मी खरं ते सांगितलं:
आवाज खालच्या शिवणीचा.
हे वरचं नुसतं दिसायला.
माझं तोंड जरा उतरलंच असावं.
खाटेवरून नायना:
"चादर पांघरायला असते.
मग मी मोर कशाला काढत होतो, लगा?"

रूबेननं पाकीट काढलं.
घासाघीस केली नाही.

आज पाण्याची पाळी.
सकाळीच टाकीखाली दुसरा ओंडका ढकलून आलो,
कल्याणींना सांगून आलो,
कॉकला हात लावू नका.