फॉरच्या पुढची रेघ

ग्रिम्स्बीत, मासळीच्या गोदामांमागे,
वाचनालयाच्या वरच्या खोलीत
मंगळवारी सात ते साडेआठ इंग्रजीचा वर्ग.
फी नाही. हीटर अर्धाच तापतो.
हिल्डा थ्वेटबाई फळ्यावर लिहितात
नोटोरियस फॉर
आणि पुढे एक लांब रेघ.

"फेमस माणसाला कशासाठी म्हणून
कोणी फारसं विचारत नाही.
याला विचारतात.
रेघ भरा."

म्हातारा ओस्ताप भरतो: माझी बायको, फॉर बटाटे.
चांगले की वाईट? बाई विचारतात.
तो विचारात पडतो, अजून पडलेलाच आहे.

सेम्हार भरते: आमची फॅक्टरी, फॉर बोटं.
दिवसभर कॉड कापते ती, बर्फात.
कोणी हसत नाही.

मग राम्यूनास. गाळ उपसणाऱ्या बोटीवर नवाच लागलेला.
वहीतून एकेक शब्द
ओल्या दोरासारखा ओढून काढत वाचतो:
थ्वेट्स सपर, नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा,
नोटोरियस फॉर वन पायलट.
जहाजाला वाट दाखवायची सोडून
जेवायला बसला होता.
वाटाणे खात होता, कप्तान सांगतो.
सगळेच सांगतात, वाटाणे.
अकरा माणसं.

"नकाशात छापलंय," तो कौतुकाने म्हणतो,
"स्पेलिंग अगदी तुमच्यासारखं."

हीटर टकटकतो.

नाव बुडाली, नाव तेवढं राहिलं.
भरतीला झाकतं,
ओहोटीला उघडं पडतं,
दिवसातून दोनदा,
वर सील येऊन ऊन खात बसतात.
लोक ठेवायची ती नावं ठेवून
कधीच घरी गेले.
वाळू गेली नाही.

बाई खडू उचलतात.
"वन पायलट नको. फॉरच्या पुढे
माणूस शोभत नाही, घडलेलं लिहायचं.
नोटोरियस फॉर रेक्स."
अक्षर नेहमीसारखंच, सरळ, गोल.
रेक्सचा डब्ल्यू उच्चारायचा नाही, हेही सांगतात.

मग फळ्याकडेच बघत:
"आणि वाटाणे नव्हते.
सूप होतं. थर्मासमध्ये.
मी नऊ वर्षांची होते,
झाकण मीच लावलं होतं, फार घट्ट."

ओस्ताप टोपी काढतो, का ते त्यालाही कळत नाही.
राम्यूनास वहीतले वाटाणे खोडतो,
पेन थांबतं.
सूपचं स्पेलिंग, मॅडम?

एस, बाई सांगतात.
ओ.
यू.