विसार

दुंडाप्पा मास्तर गेले त्या दिवशी
त्यांच्या वहीत तीन लग्नांचा विसार घेतलेला होता.
तारखा पुढच्या वैशाखातल्या.
वय त्र्याण्णव.

मी त्यांच्याकडं आलो तो डोक्यावर गॅसबत्ती घेऊन,
बारा वर्षांचा, मान एका बाजूला.
निपाणीत तंबाखूच्या रिकाम्या वखारीत तालीम चालायची.
भिंतीतून धस उडायची,
क्लॅरिनेटवाला शिंकला की मास्तर म्हणायचे,
"शिंक की. पण तालात शिंक."

मोजायचे कानडीत : ओंद, येरड, मूर, नाक.
शिव्या मराठीत.
आणि चाली लिहायचे
बेळगावच्या कॅम्पात, कुणा पेन्शनर हवालदाराकडून
शिकलेल्या कसल्याशा खुणांत,
ज्या त्यांच्याशिवाय कुणाला वाचता आल्या नाहीत.
अजून येत नाहीत.

श्री हालसिद्धनाथ ब्रास बँड.
एका साली बोर्डाच्या मराठी अक्षरांवर डांबर आलं,
पुढं एकदा कानडी अक्षरांवर.
दोन्ही वेळा मास्तर स्टुलावर चढून
रॉकेलनं पुसत बसले.
मग पेंटर सिद्रामला म्हणाले,
"नुसतं कॉर्नेट काढ. पिवळं.
खाली फोन नंबर."
फोन समोरच्या किराणा दुकानातला.

तवंदी घाटात टेंपो कलंडला
तेव्हा ढोल फुटला, रहिमानचा हात मोडला,
कॉर्नेटला पोचा आला अंगठ्याएवढा.
तो त्यांनी काढून घेतला नाही.
म्हणायचे, तिथं वारा जरा टेकतो, मग जातो.
खरंखोटं त्यांनाच ठाऊक.
पण चिकोडीच्या वरातीत आम्ही चाळीस जण फुंकत असू
आणि म्हाताऱ्या बायका नेमक्या त्याच सुराला
पदर डोळ्यांशी न्यायच्या.

गंगव्वा चाळीस कोट कोळशाच्या इस्त्रीनं करायची.
ती गेली तेव्हा मास्तरांनी वाजवलं नाही.
कोट घालून, बटणं लावून
नुसते पुढं चालत राहिले.

पंचाहत्तरीला दात गेले. काठी हातात आली.
डीजे आला, चाळीसाचे अकरा झालो.
एकदा बसप्पाच्या पोरानं विचारलं,
"मास्तर, आता बंद करायचं काय?"
ते चहा बशीत ओतत होते.
बशी संपेपर्यंत बोलले नाहीत.
संपल्यावरही नाहीत.

वहीत लिहिलंय :
कोगनोळी. नवरीचा बाप गवंडी.
अकरा हजार कबूल, हजार विसार, जेवण त्यांचं.
नवरीच्या आजीला आपणच वाजवलं होतं.

विसार परत द्यावा, असं रहिमानचं मत पडलं.
हजार रुपये कुणाकडंच नव्हते.
गेलो.

मांडवाबाहेर अकरा जण उभे, कोण मोजणार?
घसा खाकरून मी म्हणालो, ओंद.
येरडला आवाज फाटला.

आजी दारात आली, कपाळावर हात धरून
आमच्यात एकेक तोंड बघत.
"मास्तर कुठं हाईत?"

पुढं गेलेत, मी म्हणालो.

तिनं खरंच रस्त्याकडं बघितलं.