खडूची रेघ

कुदळवाडीच्या मागच्या यार्डात
दोन टेलिहँडलर उभे होते.
एकाला नुकताच पिवळा मारलेला,
दुसरा उन्हाने विटून सायीच्या रंगाचा.
मी अर्थात पिवळ्याकडे वळले.

गैबूमामूंनी आधी इंजिनावर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"सुराणाशेठ, आम्ही यायच्या आधीच जागं केलंत?
एरवी उठायला कुरकुरतंय वाटतं."
शेठ हसले. चहा सांगितला.

मीटरवर एकवीसशे तास.
पेडलचं रबर मात्र
नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत.
"मीटर बोलतं ते शिकवलेलं," मामू म्हणाले,
"पेडलला कोण शिकवणार?"

मला काय हवंय ते मी पुन्हा सांगितलं:
मोशीची शेड, पेव्हर ब्लॉकचे पॅलेट,
एकेक सव्वा टनाचा,
ट्रक एकाच अंगाने लागतो,
पलीकडे बोऱ्हाडेंची भिंत.
म्हणजे लांबची रांग लावायची तर
हात ट्रकवरून पार पलीकडे जायला हवा,
आणि तिथे गेल्यावर थरथरायला नको.

केबिनमध्ये वजनाचा तक्ता, इटालियन, अर्धा सोललेला.
जवळ धरलं तर साडेतीन टन.
हात पुरता लांबवला तर टनाच्या थोडं वर.
हे कळायला इटालियन यावं लागत नाही.
मला भाऊजींना दिलेले सत्तर हजार आठवले.
गप्प राहिले.

मग मामूंनी दोघांच्याही काट्यांवर
भंगाराने भरलेले पॅलेट चढवले,
बूम वर नेले, इंजिनं बंद केली,
सिलिंडरचा दांडा फडक्याने पुसून
तोंडापासून चार बोटांवर
खडूने रेघ मारली.
"आता चहा."

वीस मिनिटं.
शेठ बोलत होते: जीएसटी,
जयसिंगपूरची रोख पार्टी,
संध्याकाळी येणारच आहे.
शेजारच्या गाळ्यात कोणी पत्रा कापत होतं.
मामू बोलले नाहीत, पाहिलंही नाही वर,
बिस्किट बुडवत राहिले,
डाव्या हाताने.
उजवा खांदा त्यांचा
गेल्या दिवाळीपासून वर जात नाही.

आम्ही उठलो.
पिवळ्याच्या दांड्यावर रेघच नव्हती.
गिळली होती त्याने, आवाज न करता.
विटक्याची होती तिथेच,
फार तर नखभर सरकलेली.

शेठ म्हणाले, सील बदलून देतो.
शेठ म्हणाले, रंग बघा की.

विटक्याची काच फुटलेली, चिकटपट्टी लावलेली.
टायर दोन चांगले, दोन असेच.
हॉर्न मेलेला.
ऐंशी हजार तुटले, वर एक फिल्टर मिळाला.

परतताना स्पाइन रोडच्या सिग्नलला
मामू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,
"हॉर्न तेवढा बसवून घ्या, ताई.
बाकी त्याला बोलायची सवय नाही."

बोटांवर त्यांच्या खडू होता अजून.
पुसला नाही त्यांनी.