ठाव

थांब म्हटलं की हिल्क्का वल्ही पाण्याबाहेर काढते
आणि त्यांचे थेंब गळायचे थांबेपर्यंत
आम्ही बोलत नाही.
मग मी तबकडी सोडते.
पांढरी, ताटलीएवढी, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ.
अर्ध्या मीटरला ती पिवळी पडते,
मीटरभर खाली मधाची,
मग काताची, मग विटेची,
मग आहे असं वाटतं,
आणि नसते.

"एक साठ," मी म्हणते.
हिल्क्का लिहून घेते, मागचं पान उलटत नाही.
मागच्या पानांवर दोन दहा आहे, दोन पंचाहत्तर आहे,
आणि पहिल्या वहीत, आईच्या अक्षरात,
बासष्टच्या जुलैत, चार मीटर.
पुढे लिहिलंय: दोरी संपली.

उन्हाळ्यातले पाहुणे म्हणतात, काइहोलाम्पी घाण झालं.
घाण नाही हो. गढूळही नाही.
बादलीत भरून रात्रभर ठेवा,
सकाळी तळाशी काही बसलेलं नसतं.
निवळायचं काय? जे आहे ते विरघळलंय.
हजार वर्षं धड न कुजलेलं शेवाळ,
पाइनच्या सुया, बर्चची साल, एखाद्या क्रौंचाचं पीस,
कुणाचंच नाव न उरलेला अर्क.
प्रयोगशाळेतली मुलगी त्याला ह्यूमिक म्हणते
आणि आवाज खाली आणून सांगते की
याचा ठरलेला असा रेणूच नाही,
दर थेंबात वेगळा.
हे तिने गुपित सांगावं तसं का सांगितलं कोण जाणे.

सौनातली बादली आतून तांबूस झाली आहे.
पोहताना माझे हात
कोपरापासून पुढे दुसऱ्या कुणाचे.

पाणी कुठे मुरतंय हे आम्हाला माहीत होतं.
मुरत नव्हतं, तीच तर गोष्ट.
वरच्या दलदलीत बाबांनी चर खणले,
आधी फावड्याने,
मग ट्रॅक्टरमागे बांधलेला सरकारी नांगर आला.
अडतीस किलोमीटर, ते सांगायचे,
एका रेषेत ठेवले तर चर्चच्या गावाला जाऊन परत.
ओलं रान कुणाच्या कामाचं?
कोरडं रान लाकूड देणार होतं,
आणि दिलंही.
हिल्क्काच्या मुलाचं घर त्याच पाइनचं,
आम्ही बसलो ती फळीसुद्धा.
पन्नास वर्षं कुणी तरी रान पिळतंय
आणि पिळलेलं इथे खाली उतरतंय.

जूनमध्ये एक बाटली भरून बाबांकडे नेली.
एक्याण्णव वर्षांचे, खिडकीशी खुर्ची.
त्यांनी ती उजेडात धरली, हलवली,
बैलाचे दात बघावेत तशी पारखली.
मी वाट पाहत होते.
काय ऐकायचं होतं मला?
"साखर घातली नाहीस," ते म्हणाले.

बाटली तिथेच राहिली, जेरेनियमशेजारी.
त्या खिडकीत ऊन रात्री दहापर्यंत असतं.
ऊन हा रंग सावकाश तोडतं,
तुकडे करतं, काही तुकडे हवेत जातात.
जुलैत कोरा चहा फिका झाला.
ऑगस्टमध्ये नर्स रीत्ताने
साधं पाणी समजून ते कुंडीत ओतलं.
मी काही बोलले नाही.

आज सप्टेंबरची बारा. एक पंचावन्न.
हिल्क्का म्हणते, वरचा पहिला चर बुजवू या.
फावडं आहे, दांडा तेवढा नवा बसवायचा.
बुजवला की आधी काही वर्षं
पाणी आणखीच काळं येतं म्हणे.
आम्ही दोघी पासष्टीच्या पुढच्या.
ती वल्ही परत पाण्यात घालते,
पाती बुडतात तिथून मधाची होतात.

ओली तबकडी मांडीवर घेऊन मी दोरी गुंडाळते.
अजून पुरी चार मीटर आहे.
एवढी कशाला, मागे कुणी तरी विचारलं होतं.
कापायची नाही, असं ठरलंय.