रोल नंबर एक्केचाळीस

गंगावेशीत म्हशी पिळतात तिथं
फेसाळ ग्लास हातात घेऊन उभा होतो.
कुणीतरी वाकून पाया पडलं.
"सर, वळखलं न्हाई व्हय?"

"अरे तू! वा! कसा आहेस?"
शिक्षकाला हे तीन तुकडे
पेन्शनीबरोबरच मिळतात.
नाव मात्र येईना.

सत्तावीस वर्षं मी बारावीला विस्मरण शिकवलं.
फळ्यावर एक उतरती रेघ काढायची,
आधी कड्यासारखी तुटलेली,
मग पन्हाळा उतरून आल्यावर
रस्ता पसरतो तशी लांबच लांब सपाट.
म्हणायचो, वापरलं नाही की झिजतं.
पुढच्या तासाला म्हणायचो, झिजत नाही,
एकावर दुसरं बसतं.
त्याला आता घरचाच दाखला आहे:
पाचचा पूर, एकोणीसचा पूर,
शिलाईमशीन माळ्यावर चढवलं ते कुठल्या?
बायको एक सांगते, मी एक.
भिंतीवर खुणा दोन,
मशीन एकच.

तो बोलत होता.
आई गेली. मुलगी नर्सिंगला, मिरजेत.
मी मान डोलवत हजेरीपट चाळत होतो,
चौगुले, मगदूम, नेजदार, भोपळे...
जिभेच्या टोकावर काहीतरी होतं,
पण ते दूध होतं.

मग ग्लास ठेवायला तो वळला
आणि त्याचं पायताण बोललं.
करकर.

तिसरा मजला. उघडी खिडकी.
मागच्या बाकावरून फळ्याकडे येणारी
हीच करकर,
आणि तीस वर्षांत
एका अक्षरानंही न झिजलेला माझा आवाज:
"एक्केचाळीस, हे तुला जमायचं नाही.
पापाच्या तिकटीला बापाशेजारी बस जा."
वर्ग हसला. मीही.
त्यानं खडू जागेवर ठेवला,
हात पँटला पुसले.

दमन. पाच मार्क.
जे नकोसं असतं ते मन खाली दाबतं.
व्याख्या लिहा, उदाहरण द्या.
उदाहरण मी कायम दुसऱ्याचं दिलं.

"एक्केचाळीस," मी म्हणालो.
तो लहान पोरासारखा हरखला.
"नंबर ध्यानात हाय की सर!"
"आणि एकदा फळ्याजवळ मी तुला..."
"काय वो?"
पुढचं वाक्य माझ्याकडे पूर्ण होतं.
मी अर्धंच काढलं.
त्यानं म्हशीच्या पाठीकडे बघत
बराच वेळ शोधल्यासारखं केलं.
"न्हाई बा. मला तुमची ती रेघच
तेवढी आठवतीया."

दुधाचे पैसे त्यानं दिले.

माझ्या जुन्या वहीत
विसरण्याची पाच कारणं आहेत, लाल शाईनं अधोरेखित.
हे "न्हाई बा" त्यातल्या कुठल्याखाली घालू?
त्याला आठवत नव्हतं,
की मला आठवू नये म्हणून त्याला आठवत नव्हतं?

रात्री तीनला पाणी प्यायला उठलो
आणि नाव आलं, कुणी न बोलावता,
दाराशी मांजर यावं तसं.
दिगंबर. दिगंबर सातपुते.
वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं.

सकाळी बिल भरलं. पावती घेतली,
बिल खिडकीतच राहिलं.

रोज जातो गंगावेशीत.
चेहऱ्यांकडे बघत नाही आता,
कान पायांकडे ठेवतो.