जाहीर करण्याजोगं

मॉर्गनच्या नाक्यावर आमच्यापुढे एकच ट्रक,
आत बैल.
स्टिअरिंगवर मी. चव्वेचाळीस वर्षं ही जागा एनारची,
आता तो शेजारी नकाशा उलटा धरून बसतो
आणि दिसेल त्या गव्हाला दाद देतो.

अधिकारी पोरसवदा. छातीवर पाटी: व्हिटकॉम.
"इंधन? गॅस?"
मी पाठ करून आले होते:
प्रोपेनच्या दोन टाक्या, नऊ-नऊ किलोच्या,
तोंडं बंद, पुढच्या दांडीला पट्ट्यांनी आवळलेल्या,
जनरेटरसाठी पेट्रोलचा लाल डबा, एक...
तेवढ्यात एनार माझ्यावरून खिडकीकडे वाकला.

जाहीर करण्याजोगं त्याच्याकडे पुष्कळ होतं.
एक ठिपक्यांची गाय, पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात गेलेली.
भावाचे उसने स्केट्स.
विहिरीवरच्या मोटारीचं बिल.
"ते भरायचं राहिलंय, लिहून घ्या."
व्हिटकॉमचं पेन थांबलं. माझी कानशिलं तापली.
मागच्या गाडीने हॉर्न दिला नाही,
त्याचे आभार कुणाचे मानू.

मग पोराने आवाज उतरवून विचारलं,
"आणि सर, टाक्यांत गॅस किती?"
एनार ताठ बसला.
"डावीत पाऊण. उजवीत चार बोटं.
वॉशर मे महिन्यात बदललाय,
साबणाचं पाणी लावून पाहिलंय. बुडबुडा नाही."
एक अक्षर अडखळलं नाही.
लेकीचं नाव मात्र सकाळपासून सापडत नव्हतं.

गॅस गेला. पेट्रोल गेलं.
अडलं ते सरपण.
आमच्याच कुंपणाकडचा बर्च, बारा-पंधरा ओंडके;
सालीखाली किडा असलाच तर तो परदेशी.
"इथेच ठेवा, मॅडम."
एनारने एकेक ओंडका पेटाऱ्यात रचला,
परतीच्या वाटेवर न्यायचाच आहे असा.

पुढच्या गावात सात डॉलरला जाळीची पिशवी घेतली.
तीच पांढरी साल, तोच वास,
फक्त मैलांत वाढलेला.

रात्री तळ्याकाठी वारा पडला.
तो किटली घेऊन बाहेर निघाला, एका पायात माझी सपाता.
मी काही न बोलता मागे.
उजव्या टाकीवर त्याने कढत पाणी ओतलं, वरून खाली, सावकाश,
मग माझा हात धरून पत्र्यावरून उतरवत नेला:
गरम, गरम, गरम,
आणि एकाएकी गार.
"इथपर्यंत आहे."

चार बोटं. अंधारात मोजली मी.
"उद्याला पुरेल?"
"कॉफीपुरतं," तो म्हणाला,
किटली उपडी करून शेवटचे थेंब झटकले,
आणि आत जाता जाता विचारलं,
मार्गित दूध घालून घेते की बिनदुधाची.